मदत हवी आहे : .३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये '७.६५' छापलेली काडतुसे चालतील का?

कागलकर : वडिलांच्या कपाटात काडतुसांची जुनी पेटी सापडली असून तिच्यावर फक्त ७.६५ (मिलिमीटरमधील नाममात्र माप) असे छापलेले आहे. आमचे रिव्हॉल्व्हर .३२ चे (इंचांतील नाममात्र माप) आहे. एक काडतूस सिलिंडरमध्ये घालून पाहिले, ते बसले. शनिवारी रेंजवर जायचे आहे, तेव्हा होय की नाही, एवढेच कृपया कळवावे.

रंकाळाकाठ : रिव्हॉल्व्हर कोणते, आणि परवाना आपल्या नावावर झाला आहे का? झाला नसल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे शस्त्र व काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात.

कागलकर : परवाना गेल्या वर्षीच माझ्या नावावर झाला. रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर मिळेल का?

शाहूपुरी_जुना : खुशाल वापरा. .३२ म्हणजेच ७.६५, मी स्वतः अशी डझनभर उडवली आहेत.

व्हर्नियरवाला : हा सल्ला कृपया मानू नये. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे काडतूस लागते, ज्याची पुंगळी (गोळीमागचे धातूचे कवच) सुमारे २३ मिलिमीटर लांब असते. पिस्तुलाचे .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) हे काडतूस १७ मिलिमीटर पुंगळीचे, ७.६५ मात्र दोघांनाही म्हणतात. एसीपीच्या बुडाची कड किंचित बाहेर असल्याने ते चेंबरमध्ये अडकून राहते, म्हणून 'बसले' असे वाटते. परंतु त्याचा दाब लाँगपेक्षा जास्त असतो. डझनभर उडवूनही काही झाले नाही, हा पुरावा नव्हे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कुठल्याही कारखान्यात व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) मिळेल. गोळी वगळून फक्त पुंगळी मोजावी.

भुदरगड_शेती : रानडुकरांसाठी बारा बोअरच बरी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातील एकीचा जो व्यास, तोच या बंदुकीच्या नळीचा.

रंकाळाकाठ : त्यांनी डुकरांविषयी विचारलेलेच नाही.

कागलकर : पुंगळी १७.३ मिलिमीटर भरली, म्हणजे ही पिस्तुलाचीच काडतुसे. वडिलांकडे पूर्वी पिस्तूल होते, ते त्यांनी विकले होते. प्रश्न रिव्हॉल्व्हरचा असल्याने ते लिहिले नव्हते.

व्हर्नियरवाला : तेच पहिल्या ओळीत लिहायला हवे होते! पेटी विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी, आणि रिव्हॉल्व्हरसाठी नवी लाँग घेताना परवान्यावर नोंद करून घ्यावी.

कागलकर : उद्या लक्ष्मीपुरीला जाणारच आहे, तेव्हा पेटी सोबत नेतो. शनिवार हुकला.