टाचेच्या हाडाचं ऑपरेशन: छोट्या छेदातून की उघडून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले. पावसाआधी कौलं परतताना शिडी सरकली आणि माझा थोरला भाऊ उभाच्या उभा उजव्या टाचेवर आपटला. असं पडल्यावर मणक्यालाही मार बसू शकतो म्हणून कंबरेचा एक्स-रे लगेच काढला; तिथं काही नाही. टाचेचा सीटी स्कॅन मात्र ‘सँडर्स टाइप ३’ आलाय, म्हणजे घोट्याखालच्या सांध्याचा पृष्ठभागच तीन तुकड्यांत फुटलाय. टाचेच्या हाडाची उंची किती टिकलीय हे दाखवणारा बोलरचा कोन साधारण २० ते ४० अंश असतो, दादाचा ६ आहे. टाच बसकी आणि रुंद झालेली नुसत्या डोळ्यांनी दिसते.

बेळगावचे डॉक्टर उघडून करू म्हणतात. टाचेच्या बाहेरच्या बाजूला इंग्रजी ‘एल’सारखा मोठा छेद घ्यायचा, कातडी उचलायची आणि तुकडे जुळवून प्लेट बसवायची. सगळं हाड समोर दिसतं, हा त्यांचा मुद्दा. कोल्हापूरला दुसरं मत घेतलं. ते घोट्याच्या हाडाखाली तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन, ज्याला साइनस टार्सी म्हणतात तिथून, सांधा बसवू म्हणतात; बाकीचे स्क्रू कातडीतून.

माझी खरी काळजी जखमेची आहे. तिथली कातडी पातळ, आणि मोठ्या छेदाच्या कोपऱ्याला रक्त कमी मिळतं. तो कोपरा काळा पडला की इन्फेक्शन थेट प्लेटपर्यंत जाऊ शकतं. दादाला शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.९. त्यात तंबाखू. पडल्यापासून वहिनींनी डबी लपवून ठेवलीय, पण शेजारपाजारचे भेटायला येतात ते पुडी घेऊनच! कृपा करून पेशंटच्या हातावर तंबाखू ठेवू नका हो, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही.

जखमेचा त्रास छोट्या छेदात कमी होतो, हे बहुतेक अभ्यासांत दिसतं. पण तीन तुकडे एवढ्याशा जागेतून बरोबर बसतील का? शिवाय वेळ निघून चाललाय. दोन आठवडे उलटले की तुकडे चिकटू लागतात, मग छोट्या छेदातून ते हलवणं अवघड. इकडे पायावर पाण्याचे फोड आहेत, सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत मोठा छेद घेता येत नाही.

ऑपरेशनच नको, असंही एक नातेवाईक म्हणतात. २०१४च्या ब्रिटिश अभ्यासात दोन वर्षांनी ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्यांत फरक दिसला नव्हता हे खरं, पण टाचेचा आकार फारच बिघडलेल्यांना त्यात घेतलं नव्हतं. म्हणून ते मला दादाला लागू वाटत नाही.

ज्यांच्या घरी शुगर असताना यातलं एखादं ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया लिहा. जखम भरायला किती दिवस लागले? दोन-तीन महिने पाय टेकवायचा नाही म्हणतात, ते घरात कसं जमवलंत? आणि नंतर भाताच्या बांधावरून, उंचसखल जागेत चालता येतं का? दादाचं सगळं काम तिथलंच.

अजून एक. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले योजना लागू झालीय. खानापूरकडच्या कुणी तिच्यातून कोल्हापूर किंवा मिरजेला हाडाचं ऑपरेशन करून घेतलंय का? कागद कोणते लागले, तेवढं सांगा. शुक्रवारी डॉक्टरांना कळवायचंय.