प्रतिसाद: पिळाच्या सळईविषयी
विसाव्या शतकाच्या आरंभी उंच इमारतींचा भार पोलादी सांगाडाच पेलत असे आणि काँक्रीट पाया व तळजमिनीपुरतेच वापरले जाई, असे वरील प्रतिसादात म्हटले आहे. न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्नसारख्या इमारतींबाबत ते खरेच आहे. परंतु ती पूर्ण झाली त्याच सुमारास, 1903 मध्ये, अमेरिकेतील सिनसिनाटी येथे इंगॉल्स ही 16 मजली इमारत प्रबलित काँक्रीटमध्ये, म्हणजे आत पोलादी सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, उभी राहिली, आणि या चर्चेत तिचा उल्लेख राहून जाणे मला योग्य वाटत नाही.

तिच्यात अभियंते अर्नेस्ट रॅन्सम यांची पद्धत वापरली होती. चौकोनी पोलादी सळई थंड अवस्थेतच पिळायची, म्हणजे तिच्या वळणाऱ्या कडा काँक्रीटमध्ये घट्ट रुततात आणि ताण आल्यावर सळई निसटत नाही. शिवाय थंडपणी पिळल्यामुळे पोलादाची ताण सोसण्याची क्षमताही वाढते. या पद्धतीचे पेटंट त्यांनी 1884 मध्येच घेतले होते. आपल्याकडे पुढे अनेक दशके स्लॅबमध्ये वापरली गेलेली ‘टॉर’ सळई, जी जुन्या गवंड्यांना चांगलीच ठाऊक आहे, तीही थंड पिळाचीच होती, फक्त ती गोल आणि कंगोऱ्यांची असे.