आधी ब्रेकचा ड्रम तापतोय का बघा

ट्रकच्या डिझेल नोझल-पंपाचं काम करूनही अ‍ॅव्हरेज लिटरला साडेतीन किलोमीटरच्या वर जात नाही म्हणताय. दादा, आधी ब्रेक बघा. माझ्या २००८च्या दहाटायरी ट्रकला हेच झालं होतं. आडगाव नाक्याला गाडी लावून एकेका चाकाच्या ड्रमजवळ हात नेला, तर मागचा डावा तव्यासारखा तापलेला! जॅकवर घेतल्यावर चाक हाताने फिरेना, ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते. म्हणजे डिझेल जाळून ब्रेकच ओढत होतो.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. एअर फिल्टर कांद्याच्या सीझनला लवकर भरतो.

आणि कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलला इंजिन पितच राहतं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच.