सिगारेटचा लाभांश नको, हे बायकांनाच का वाटतं?

सासऱ्यांच्या माघारी त्यांचे एका सिगारेट कंपनीचे शेअर आमच्या दोघांच्या नावावर निम्मे-निम्मे आले. मी म्हटलं, विकून टाकू. नवरा म्हणतो, दरवर्षी लाभांश येतोय, राहू दे. सासरे तंबाखू-चुना खायचे. गालाच्या कॅन्सरने गेले. आठ महिने नाकातल्या नळीतून सिरिंजने पेज मी घातली. ते शेअर बघितले की मला ती सिरिंज दिसते. नणंद माझ्या बाजूने, दीर नवऱ्याच्या. भिशीतही हेच. आपला पैसा कशावर वाढतोय, हे बायकाच जास्त विचारतात असं माझं ठाम मत आहे.

हिशेबी: ताई, तुम्ही विकाल, दुसरा घेईल. एकही सिगारेट कमी ओढली जाणार नाही. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीत एलआयसीचाच सुमारे 15 टक्के हिस्सा आहे, म्हणजे घरोघरच्या पॉलिसीचा पैसा तिथे आहेच. पुरुषांना पर्वा नसते असं नाही, पण घराचा हप्ता चुकवून चालत नाही.

सोलापूरची लेक: माझी आई विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांमागे. तंबाखू वाईट हे तिला कुणी सांगायला नको होतं, रात्रभर खोकायची तीच. तरी कारखाना बंद पडणार अशी आवई उठली की तिच्या पोटात गोळा यायचा. बायका मुळात सोज्वळ, हे मला पटत नाही. माझी स्वतःच्या पगारातली पहिली एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक, सुरू केली तेव्हा मी फक्त परतावा बघितला, आणि त्याची मला लाज नाही. चांगुलपणाचं ओझं इथेही आमच्याच डोक्यावर का?

पांथस्थ: हिशेबी, 'दुसरा घेईल' हे नॉर्वेच्या सरकारी गुंतवणूक निधीलाही म्हणता आलं असतं. त्यांनी 2010 मध्ये तंबाखू कंपन्या वगळल्याच. पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणाऱ्या निफ्टी 100 ईएसजी या शेअर निर्देशांकातही तंबाखूला जागा नाही. मी पुरुष आहे, वडिलांचं सगळं मीच केलं, आणि मलाही असले शेअर नकोत. उशाशी कोण बसलं होतं, फरक त्याचा आहे.

धागाकर्ती: सोलापूरच्या ताई, तुमच्या आईचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. 'बायकाच' हा शब्द मी मागे घेते. पांथस्थ म्हणतात ते खरं, आमच्याकडे उशाशी मी होते, नणंद रविवारी यायची. माझे निम्मे शेअर आज विकले. नवऱ्याचे त्याच्याकडे आहेत, त्याला मी पुन्हा विचारणार आहे.