दहा वर्षांचा डिश रेकॉर्डर बदलू, का अजून ओढू?

अर्धवट_रेकॉर्डिंग
नमस्कार मंडळी. आमच्याकडचा डिशचा रेकॉर्डर आता दहा वर्षांचा झालाय, ५०० जीबी डिस्क, दोन ट्यूनर (म्हणजे एकाच वेळी दोन चॅनल पकडणारा), एचडी. घेतला तेव्हा चालू टीव्ही थांबवता येतो याचंच सगळ्यांना केवढं अप्रूप होतं आणि आता रोज सकाळी याचं वेगळंच नाटक. चालू केला की काही चॅनल नीट लागतात, काहींवर सरळ "सिग्नल नाही". अर्ध्यापाऊण तासाने काहीही न करता सगळं आपोआप सुरळीत. रात्री लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग सकाळी बघावं तर कधी सुरुवातीची वीस मिनिटं गायब, कधी नुसतीच लाल फुली. शिवाय मेनू एवढा स्लो झालाय की बटण दाबून आपल्यालाच शंका येते दाबलं का नाही, मग परत दाबतो आणि मग दोन्ही एकदम लागू होतात.

हेल्पलाइनवाल्यांनी तीन वेळा रिस्टार्ट करायला लावलं आणि शेवटी म्हणे नवीन बॉक्स घ्या. घेतला असता हो, पण त्यात आईची दोनशेच्या वर रेकॉर्डिंग्ज आहेत आणि ती नवीन बॉक्सवर येणार नाहीत असं त्यांनीच सांगितलं. आई म्हणते बॉक्सला कुणी हात लावायचा नाही. बायको म्हणते एक तर तो खोका राहील नाहीतर मी टीव्ही बघणं सोडीन. तर सांगा, नवीन घेऊ का नुसती हार्ड डिस्क बदलून भागेल? आणि रेकॉर्डिंग्ज वाचवता येतात का?

तिसरा_ट्यूनर
बदला सरळ. दहा वर्षं म्हणजे रेकॉर्डरसाठी म्हातारपण नाही, त्याच्याही पुढचं. लोकांना वाटतं आपण दिवसातून दोन तास टीव्ही बघतो म्हणजे डिस्क दोन तासच चालते, तसं नसतं, चालू टीव्ही मागे नेता यावा म्हणून बॉक्स चालू असेपर्यंत बघत असलेला चॅनल सतत डिस्कवर लिहीत असतो. बॉक्स कायम चालूच ठेवत असाल तर दहा वर्षांचे जवळजवळ ८७,६०० तास होतात.

दुसरं म्हणजे एचईव्हीसी. हे कॉम्प्रेशन २०१३ मध्ये आलं, साधारण तेवढ्याच क्वालिटीचं चित्र आधीच्या एच.२६४ कॉम्प्रेशनच्या निम्म्या डेटात बसतं, म्हणून ४के चॅनल त्यावरच असतात. जुन्या बॉक्सच्या चिपला ते उलगडता येत नसेल तर सॉफ्टवेअर अपडेटने येणार नाही, ते हार्डवेअरमध्येच लागतं. आज ना उद्या एखादा चॅनल तिकडे सरकला की तुमच्याकडे काळा पडदा.

सोल्डरगन
थांबा हो जरा, लगेच खरेदीला कुठे पळवताय माणसाला. आधी काय बिघडलंय ते तरी कळू दे.

अर्धवट, चार गोष्टी बघून सांगा. पहिलं, जे चॅनल सकाळी जातात ते रोज तेच असतात का दरवेळी वेगळे. दुसरं, रात्री बॉक्स नुसता स्टँडबायला जातो का इको मोडमध्ये पूर्ण झोपतो. तिसरं, संध्याकाळी तुम्ही टीव्ही बघत असताना केलेली रेकॉर्डिंग्ज नीट येतात का. चौथं, एखादं पाचसहा वर्षांपूर्वीचं जुनं रेकॉर्डिंग लावा आणि चित्र फुटतंय का बघा. फुटलं तर थोडं मागे नेऊन परत बघा. दरवेळी त्याच जागी फुटत असेल तर डिस्कचा तो भाग गेलाय किंवा रेकॉर्ड होतानाच खराब झालंय, दरवेळी वेगळ्या जागी फुटत असेल तर वाचताना गडबड होतेय.

मधली_सुट्टी
डिस्कचा आवाज ऐका. नुसतं घूं घूं असेल तर वय झालंय एवढंच. टक्... टक्... टक् असा लयीत आवाज येत असेल तर आजच काय बघायचं ते बघून घ्या.

अर्धवट_रेकॉर्डिंग
सोल्डरगन, बघितलं. चॅनल रोज तेच जातात!! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, लिहून काढल्यावर कळलं. रात्री इको मोड, म्हणजे सगळे दिवे बंद, फक्त एक लाल ठिपका. संध्याकाळची रेकॉर्डिंग्ज एकदम ठणठणीत. जुनं रेकॉर्डिंग आईच्याच लिस्टमधलं लावलं, ४० मिनिटं बघितलं (बघावं लागलं, आई शेजारीच बसली होती आणि तिने बंद करू दिलं नाही) एकदाही फुटलं नाही. आवाज घूं घूंच आहे, टकटक नाही.

सोल्डरगन
मग तुमची डिस्क बहुतेक निर्दोष आहे आणि छत्रीही. माझा संशय बॉक्सच्या पॉवर सप्लायवर.

का ते सांगतो. छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज बॉक्सच देतो, त्याच केबलमधून. आणि कुठल्या चॅनलसाठी काय पकडायचं हेही त्या विजेनेच सांगतो, १३ व्होल्ट दिले तर उभं पोलरायझेशन (म्हणजे उभ्या दिशेच्या लहरी), १८ व्होल्ट दिले तर आडवं, फ्रिक्वेन्सीचा वरचा बँड हवा असेल तर सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन. आता सप्लायमधले कंडेन्सर (वीज साठवून ती एकसारखी ठेवणारे छोटे डबे) सुकले की बॉक्स १३ कसेबसे देतो पण १८ पर्यंत पोचत नाही. मग सगळे आडवे चॅनल एकदम जातात आणि उभे मजेत चालतात. लोक छत्री हलवत बसतात.

आणि सुकलेला कंडेन्सर गार असताना सगळ्यात वाईट वागतो, तापला की जरा सुधारतो. म्हणून अर्ध्या तासाने "आपोआप" सुरळीत. रात्रीचं रेकॉर्डिंग बॉक्स गार झोपेतून उठून करतो म्हणून त्याची सुरुवात जाते, संध्याकाळी बॉक्स आधीच तापलेला म्हणून रेकॉर्डिंग चांगलं.

खात्री करायला आज रात्री इको मोड बंद करा, बॉक्स जागाच राहू दे. सकाळी सगळे चॅनल लागले तर चोर सापडला.

तिसरा_ट्यूनर
म्हणजे रात्रभर चालू ठेवा आणि वीज जाळा. माझा जुना बॉक्स मीटर लावून मोजला होता, बघताना २२ वॅट आणि साध्या स्टँडबायमध्ये १९. एकोणीस! म्हणजे झोपलाय असं नुसतं दाखवायचा. वर्षभर तसाच ठेवला तर १६५ युनिटच्या आसपास.

सोल्डरगन
एक रात्र म्हटलं, वर्षभर नाही :)

उशिरा_उठलेली
रेकॉर्डिंग्जबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण याच भानगडीत मी एक अख्खा रविवार घालवलाय.

आमचा बॉक्स गेला तेव्हा नवऱ्याने डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर म्हणतो ही डिस्क फॉरमॅट करू का. आणि हे महाशय 'हो' वर बोट ठेवून बसलेले, मी ओरडले म्हणून थांबले. पण ओरडूनही काही उपयोग नव्हता कारण कंपनीच्या बॉक्समधली रेकॉर्डिंग्ज साधारणपणे लॉक करूनच साठवलेली असतात आणि किल्ली त्या एका बॉक्समध्ये किंवा त्याच्या कार्डात असते. फाइल मिळाली तरी उघडत नाही, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बॉक्समध्ये डिस्क घातली तरी उघडत नाही. एचडीएमआयमधून कॉपी करायला गेलात तर तिथेही कॉपी संरक्षण असतं.

राहिला एकच रस्ता, मागची पिवळी-पांढरी-लाल पिनवाली आउटपुट असेल तर तिला कॅप्चर डिव्हाइस लावून कॉम्प्युटरवर उतरवायचं. चित्र साध्या क्वालिटीचं येतं, काही कार्यक्रमांना तिथेही अडवलेलं असतं, आणि दोन तासांचा कार्यक्रम उतरवायला दोन तासच लागतात. दोनशे रेकॉर्डिंग्ज असली तर सहज दोनतीनशे तास झाले. म्हणून आईंच्या शेजारी बसा आणि यादी करा कुठली खरंच हवीयत. आमच्या सासूबाईंची १४० होती, त्यातली पाच निघाली. बाकीची "असू देत" होती.

मधली_सुट्टी
डिस्क बदलण्याचं विचारलं होतं म्हणून. आत्ता गरज दिसत नाही, पण पुढे लागली तर साधी डेस्कटॉपची टाकू नका. ती एखादा खराब सेक्टर (डिस्कचा बारीकसा तुकडा) आला की तो वाचायच्या नादात कित्येक सेकंद अडून बसते, इकडे चित्र थांबतं. सीसीटीव्हीसाठी किंवा व्हिडिओ रेकॉर्डरसाठी म्हणून मिळते ती घ्या, सतत लिहायला तीच बरी. आणि जुन्या बॉक्सला २ टीबीच्या वरची देऊ नका, जुन्या पद्धतीच्या पार्टिशनला त्यापलीकडचं दिसतच नाही. बॉक्स नवीन डिस्क पुसून स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करणार हे धरूनच चाला, आणि काही बॉक्स तर दुसरी डिस्क स्वीकारतच नाहीत, आधी चौकशी करा.

एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवाली डिस्क) टाकू का असं कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच हिशोब देतो. एचडी चॅनल ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) धरला तर तासाला ३.६ जीबी, दिवसाला ८६ जीबी, वर्षाला ३१ टीबीच्या वर लिहिलं जातं, तेही फक्त एका ट्यूनरचं. ५०० जीबीच्या एसएसडीवर ३०० टीबी लिहिण्याची हमी असेल तर ती साधारण साडेनऊ वर्षांत संपेल, दोन्ही ट्यूनर सतत लिहीत असतील तर पाचेक वर्षांत. म्हणजे चालेल, आवाजही जाईल. पण मेनू फार पळायला लागेल ही आशा नको, तो स्लो असतो तो बहुतेक प्रोसेसरमुळे.

रिकामा_स्लॉट
मुळात रेकॉर्डर हवाच कशाला? टीव्हीला पेनड्राइव्ह लावा, टीव्हीच रेकॉर्ड करतो.

उशिरा_उठलेली
सगळे टीव्ही करत नाहीत. आणि टीव्ही रेकॉर्ड करतो ते त्याच्या स्वतःच्या ट्यूनरवरचं, बाहेरून एचडीएमआयने आलेलं नाही. म्हणजे टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर हवा, पैसे भरायच्या चॅनलसाठी कार्डाचा स्लॉट हवा, आणि ट्यूनर एकच असेल तर जे रेकॉर्ड होतंय तेच बघत बसायचं. शिवाय ते रेकॉर्डिंगही बहुतेक टीव्हींत त्याच टीव्हीला बांधलेलं. टीव्ही गेला की परत हाच धागा काढायचा.

सोल्डरगन
फुकट चॅनलच बघत असाल तर लिनक्सवर चालणारे, एनिग्मा२ सॉफ्टवेअरवाले रिसीव्हर बघा, त्यातली रेकॉर्डिंग्ज साध्या .टीएस फाइली असतात, उचलून कुठेही चालवा. पैसे भरायच्या चॅनलसाठी मात्र कंपनीचाच बॉक्स घ्यावा लागतो बहुतेक ठिकाणी.

आणि नवीन घ्यायच्या आधी एक विचारून घ्या, त्याला केबल कशी लागते. जुन्या पद्धतीत प्रत्येक ट्यूनरला एलएनबीपासून स्वतंत्र केबल यावी लागते. काही नवीन बॉक्स एकाच केबलवर अनेक ट्यूनर चालवतात पण त्याला एलएनबी किंवा मधला स्विच वेगळा लागतो. बॉक्स घरी आणून मग कळलं की छत्रीवर चढावं लागतं, याची मजा वेगळीच.

अर्धवट_रेकॉर्डिंग
इको मोड बंद ठेवला. सकाळी सगळे चॅनल!! सोल्डरगन साहेब, दंडवत. उघडून बघू का?

सोल्डरगन
बघा, पण प्लग काढून, आणि काढल्यावर लगेच नाही. सप्लायमधल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही जोरदार झटका बसेल एवढा साठा काही वेळ राहतो. उघडून नुसतं बघायचं, बोट घालायचं नाही. छोटे कंडेन्सर डोक्यावर सपाट असायला हवेत. फुगलेले किंवा वर तपकिरी चिकट काही आलेलं दिसलं तर तेच. पण सपाट दिसले म्हणजे चांगलेच असं नाही, मोजल्याशिवाय कळत नाही.

अर्धवट_रेकॉर्डिंग
मंडळी, उशीर झाला अपडेट द्यायला, दोन आठवडे झाले.

बॉक्स उघडला. आधी तर धूळच एवढी की फॅनचं पातं आणि जाळी एकच झालेली. पॉवर सप्लायच्या बोर्डवर डिस्कच्या बाजूला चार कंडेन्सर ओळीने, तीन सपाट आणि चौथ्याचं डोकं पुरीसारखं टम्म. मी स्वतः हात लावला नाही, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेला, त्यांनी बघता बघता चारही बदलले, म्हणाले एक गेला की शेजारचे रांगेतच असतात. जागेवर तेवढ्याच क्षमतेचे (मायक्रोफॅरडचे) पण १०५ डिग्री तापमानापर्यंत चालणारे टाकले. आता इको मोड चालू आहे, सकाळी सगळे चॅनल लागतात, रात्रीची रेकॉर्डिंग्ज पहिल्या मिनिटापासून. मेनू तसाच स्लो, त्याला इलाज नाही.

तिसरा_ट्यूनर, तुमचंही पटलंय. दहा वर्षांच्या डिस्कवर किती भरवसा ठेवायचा. म्हणून नवीन घेणारच आहे पण आता घाई नाही, एचईव्हीसी आणि केबलचं नीट विचारून, तोपर्यंत यातलं हवं ते उतरवून घेतो. आईबरोबर बसलो यादी करायला. २१७ रेकॉर्डिंग्ज निघाली, त्यातली ९ हवी आहेत. त्या नवापैकी चार म्हणजे एकच कार्यक्रम चार वेळा रेकॉर्ड झालाय. चारही ठेवायचे म्हणते.

उशिरा_उठलेली
ठेवा. वाद घालू नका.

तिसरा_ट्यूनर
घेताना तीन ट्यूनरवाला घ्या, एवढंच म्हणेन.