प्रतिसाद: बेळगावहून तीन दिवसांची मुंबई

तुम्ही शनिवार-रविवार मुंबई शहर आणि सोमवारी घारापुरी असं ठरवलंय. तेवढं बदला बघा, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी सकाळी गेटवेहून पहिल्या बोटींपैकी एक धरा. तासाभराचा प्रवास, वर सुमारे १२० पायऱ्या. आईंना सोबत नेताय म्हणून उन्हाच्या आत चढून झालेलं बरं. सुमारे २० फुटी त्रिमूर्तीसमोर निवांत बसा, घाई करू नका.

शनिवारी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची १८८८ साली पूर्ण झालेली इमारत समोरच्या पदपथावरून पाहा आणि तिथून चालतच गेटवेकडे निघा. वाटेत हुतात्मा चौक लागतो. तुमच्या यादीत तो नाही, आणि मला एवढंच सांगायचं होतं खरं तर. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चा काढणाऱ्यांवर गोळीबार झाला. दोनच महिन्यांत, १७ जानेवारी १९५६ ला, आपल्या बेळगावात गोळ्या चालल्या. दर १७ जानेवारीला आपण बेळगावातल्या हुतात्मा चौकात फुलं वाहतो, ते मुलांनी लहानपणापासून बघितलंय. मुंबईतल्या स्मारकावर हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत. मी वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा ते चप्पल काढून उभे राहिले होते. मुलांना तिथे दहा मिनिटं थांबवाच.

सोमवारी राणीची बाग नको; ती उघडी असते (बंद बुधवारी), पण सुट्टीला गर्दी फार. गिरगाव चौपाटी पुरे.