रोज सकाळी नवा खेळ कोणाला हवाय, पोरांना की आपल्याला?

खडूवाली
"फळ्यावरचं तेच ते वाचन बंद करा, पहिली-दुसरीला सकाळची पंधरा मिनिटं रोज नवा उपक्रम घ्या," ही पोस्ट काल शिक्षकांच्या सगळ्या गटांत फिरली. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहिते.

नव्या खेळाचे नियम समजण्यात दहा मिनिटं जातात, गट पाडण्यात पाच. वाचायचं कधी? माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. एक जण घरची काहीतरी बातमी सांगतो, मी ती फळ्यावर लिहिते आणि मुद्दाम एखादी मात्रा किंवा अक्षर गाळते. पोरं ती शोधतात, मोठ्याने वाचतात, एक शब्द पाटीवर घेतात. क्रम वर्षभर तोच, वाक्य रोज नवं. परवा एकीने सांगितलं, "आमची म्हैस व्याली." मी 'वाली' लिहिलं. एरवी खिडकीतून ट्रॅक्टर बघत बसणारा एक जण उठला, "बाई, चुकलं!" म्हणत खडू घेतला आणि व-य एकमेकांना चिकटवून दाखवले. जोडाक्षरं अजून शिकवलीसुद्धा नव्हती.

सातपुडा_मास्तर
पोस्ट माझीच. बाई, तुमची शाळा मोठ्या गावातली. माझ्या पाड्यावरची पोरं घरी पावरी बोलतात. "काल काय झालं?" विचारलं की सगळी पायाच्या अंगठ्याकडे बघतात. अक्षरकार्डं घेऊन अंगणात पळवली की तोंडं उघडतात. रोज तोच फळा ठेवला तर दिवाळीनंतर अर्धी पोरं दिसणार नाहीत.

खडूवाली
दिवाळीनंतर पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, सर. त्याचं खापर फळ्यावर कशाला?

लिंक_भरून_दमलो
खेळ घ्या नाहीतर फळा घ्या, फोटो काढलात का ते सांगा. आमची ती पंधरा मिनिटं पोरांना ओळीत बसवून "हसा रे" म्हणण्यात जातात. त्यात निपुण भारत, ती लहान वर्गांच्या वाचन-गणिताची केंद्राची मोहीम: तिसरीच्या पोराने मिनिटाला किमान ६० शब्द वाचायचे. पोरगं गोष्टीत रमलं की आम्ही घड्याळ दाखवतो.

धुळ्याचे_आजोबा
मी शिक्षक नाही, पण बोलतो. नातवाने श्रुतलेखनात 'शाळा'ला 'शाया' लिहिलं. लाल फुली! घरात आम्ही अहिराणी बोलतो, सगळे शायाच म्हणतो. पोरगं तेव्हापासून पाटी लपवतं. तुमचे सकाळचे खेळ मग काय चाटायचे?

जळगाव_पेठ
आजोबा, फुली बरोबरच आहे. उद्या पोलीस भरतीच्या पेपरात 'शाया' लिहून चालेल का?

धुळ्याचे_आजोबा
सहा वर्षांच्या पोराला पोलीस भरती? वा! २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव देऊन मोकळे झाले, आणि त्यांच्यासारखं बोलणाऱ्या पोराला फुली.

लेवा_पाटील_२
बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. दरवेळी त्यांना तुमच्या पंगतीत बसवू नका.

धुळ्याचे_आजोबा
'डोळे'ला त्याही 'डोये'च म्हणायच्या! य तुमच्याकडेही आहे ना?

लेवा_पाटील_२
य आला म्हणून बोली एक होत नाही. हा नेहमीचा घोळ आहे.

खडूवाली
भाऊ, तुमचं भांडण जुनं आहे, जरा थांबा. आजोबा, फुली मीही देत नाही. पोराने ऐकलं तसं बरोबर लिहिलंय, य नीट ऐकून लिहिणारं पोर वाचायला लवकर लागतं. मी 'शाया' तसंच ठेवते, खाली 'शाळा' लिहिते आणि दोन्ही वाचून घेते. सकाळच्या वाक्यातही बोलीतलं आलं की तसंच लिहिते, "कयन्यानी भाकर खादी" (कळण्याची भाकर खाल्ली) सकट. त्या दिवशी कोणी जांभई देत नाही.

जळगाव_पेठ
दोन्ही शिकवा म्हणजे पोर दोन्हींत कच्चं. आमच्या गुरुजींनी बाराखडी घोटून घेतली, कोणी मेलं नाही.

लिंक_भरून_दमलो
मेलं नाही, पण वर्गात शेवटपर्यंत किती उरले तेही सांगा ना.

सातपुडा_मास्तर
बाई, बोलीतलं वाक्य फळ्यावर लिहायचं हे पोस्टमध्ये नव्हतं खरं. पण तुम्हाला अहिराणी येते, मला पावरी तोडकीमोडकीच येते. लिहिताना मी खरंच चुकणार.

खडूवाली
मग मात्रा मुद्दाम गाळायचे कष्ट वाचले! पोरं दुरुस्त करतील.

सातपुडा_मास्तर
टोमणा पोचला. सोमवारी घेतो. कार्डं मात्र सोडणार नाही, आणि क्रम वर्षभर एकच वगैरे मला पटलेलं नाही.

लेवा_पाटील_२
'डोये'वर उत्तर द्यायचं राहिलंय. जेवून येतो.